कानोकानी गेलेला सा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गोपीचंद गहाणे सर, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या शकुनकाकू, प्राध्यापक व कर्मचारी वर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले वृंदाचे माजी गायक हो,

मी धम्मदीप. आपल्या पुरुष वृंदगानाच्या पहिल्या तुकडीतला, खालच्या सुरात गाणारा. आता जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी करतो. मला वृंदाचा इतिहास सांगायला सांगितलं आहे. मला याची जरा धास्तीच वाटते, कारण माणसाला आठवतं ते बहुधा त्याच्या सोयीचं असतं. तेव्हा माझं कुठे चुकलं, तर सभागृहातून खुशाल हात वर करावा.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी वृंद सुरू झाला. सडक-अर्जुनीकडचे आमचे मित्र इथे साकोलीत खोली करून राहायचे. उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेले तेव्हा ते भंडारा जिल्ह्याचे होते, परत आले ते परजिल्ह्याचे होऊन. "पासपोर्ट आणला का बे?" असं विचारून आम्ही त्यांना नकोसं करून टाकलं. गंमतच होती, पण गमतीत टोचणी नसते असं कोण म्हणेल? सर शिकवायचे रसायनशास्त्र. त्यांनी ही चिडवाचिडवी ऐकली आणि आम्हाला सरावाला बोलावून एका रांगेत उभं केलं. एक इकडचा, एक तिकडचा, पुन्हा एक इकडचा. मग गायला लावलं.

'पुरुष वृंद' हे नाव भारदस्त आहे खरं, पण त्यामागे फार विचार नव्हता. सराव कॉलेज सुटल्यावर व्हायचा आणि गावांकडे जाणारी शेवटची एसटी तोवर निघून जायची. मुलींना ती धरावीच लागे. आम्ही सायकलवाले आणि खोलीवाले तेवढे उरायचो. आमचा पुरुषार्थ एवढाच. सरावाची वेळ बदलावी हे आमच्यापैकी कुणालाच कसं सुचलं नाही, हा प्रश्न मला अलीकडे पडतो.

पेटी आमच्याकडे नव्हती. सर पहिल्या मुलाच्या कानाशी सा गुणगुणायचे. त्यानं तो शेजाऱ्याच्या कानात द्यायचा, शेजाऱ्यानं त्याच्या पुढच्याच्या. सा टोकापर्यंत पोचला की गाणं सुरू. नागपूरला विद्यापीठाच्या युवक महोत्सवात ही रीत आमच्या अंगाशी आली. रांगेच्या मध्यावर होता आमचा इश्वर. तो आज हजर आहे, आणि हे सांगायची परवानगी मी सकाळीच घेतली आहे. त्याला सर्दी झाली होती, त्यामुळे त्याच्याकडून सा चढला आणि...

इश्वर हात वर करून सांगतो आहे, सर्दी नव्हती, भीती होती. दुरुस्ती मान्य.

तर त्याच्या अलीकडच्यांकडे एक सा आणि पलीकडच्यांकडे दुसरा. भाताच्या रोवणीचं गाणं दोन सुरांत निघालं. लोक हसायला लागले. आम्ही एकेक करून गप्प झालो. शेवटी इश्वर एकटाच गात राहिला, कारण त्याला थांबायचीही भीती वाटत होती.

परतीची गाडी लाखनीला पोचली. मग सर म्हणाले, "सूर चढला तं चढला. पण तो एकटा गाऊन राहिला होता अन् तुम्ही चूप झाले, हे मले नाही आवडलं."

त्या दिवसापासून सर सा दिल्यावर चालत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहू लागले. शेवटच्या मुलानं तो त्यांच्या कानात परत द्यायचा. दिलेलाच परत आला तर मान डोलायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. कुणाजवळ बिघडला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बक्षिसं नंतर मिळाली. ती प्राचार्यांनी वाचून दाखवलीच आहेत.

गेल्या वर्षी सरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता उरली आहे ती कुजबुज. त्यांनी सरावाला येणं सोडलं. वृंदाचा आजचा प्रमुख अश्विन भेटायला गेला, तर म्हणाले, ज्याच्या गळ्यात सा नाही त्याचं वृंदात काम नाही. माझ्या निरोपाला गाऊ नका.

मागच्या रविवारी अश्विन मला सोबत घेऊन गेला. परंपरा, ऋण, पुढची पिढी, असं पुष्कळ बोललो मी. सर ऐकत राहिले. चहा संपला. मग अश्विन म्हणाला, "सर, गळा गेला. कान तं शाबूत हायेत ना?"

मला वाटलं, आता इथून उठावं लागणार. पण काकू कप उचलता उचलता म्हणाल्या, "लय शाबूत हायेत. सैपाकघरात झाकण पडलं तं इथून हातानं विचारतात, काय पडलं म्हणून."

सर हसले. मग कुजबुजले, "आजवर दिलं. आता नुसतं घ्यावं काय?"

अश्विन म्हणाला, "घेणारा टोकाले उभा नसन, तं दिलेला पोचला का नाही हे आमाले कसं समजन, सर?"

सर हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

व्यासपीठाच्या डावीकडे मुलं उभी आहेत. आज सा अश्विन देणार आहे. रांगेच्या शेवटी एका माणसापुरती जागा ठेवली आहे. सर, ती तुम्हाला न विचारता ठेवली, म्हणून आग्रह करण्याचा अधिकार आम्हाला नाही. तुम्ही बसून राहिलात तर तुमचा शब्द पाळून मुलं नमस्कार करतील आणि न गाता खाली उतरतील.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अनेकांची नावं घ्यायची राहून गेली, पहिल्या तुकडीतल्या परसरामचं तर...

काकूंनी सरांच्या मांडीवरचा नारळ स्वतःकडे घेतला आहे. सर उठले.

परसराम, माफ कर. बोलण्यात जे चुकलं असेल ते सगळ्यांनी पोटात घालावं. आणि एक विनंती, टाळ्या नकोत. सरांना ऐकायचं आहे.