चेंबरमधली वेणी

नाही, तुम्हीच सांगा, चार वर्षं पुण्यात समाजकार्य शिकून मुलगी गावी परत येते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय असतं? मला वाटलं होतं, पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरेन तर समोर अज्ञान उभं असेल, अंधश्रद्धा उभी असेल, आणि मी ओढणी खोचून त्यांच्यावर तुटून पडेन... आणि समोर काय उभं होतं? पाणी. आमच्याच संडासात. काठोकाठ. बादली ओतली की खाली जायच्याऐवजी वर येत होतं, आणि आतून आवाज... गुडुप... गुडुप... भ्याले नव्हते मी, आधीच सांगते. फक्त एक पाय अंगणात ठेवून ऐकत होते.

हसू नका. आमच्या मोहल्ल्यातला तो पहिला संडास. दोन वर्षांपूर्वी, त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, सुट्टीला येऊन मीच बांधून घेतला, घरोघर भाषणं देऊन. बायकांनी अंधारात नदीवर का जायचं? आणि एका माणसानं दुसऱ्या माणसाची घाण का उपसायची? सहा घरं तेव्हापासून म्हणत होती, 'उर्मिलाचा चालला त आम्ही बी बांधू.' रविवारी त्यांचं ठरणार होतं. आणि शुक्रवारी हे गुडुप.

शेजारची शकुआत्या भिंतीवरून डोकावली. "मी त पयलेच म्हणून राहिली होती वं, पिपळाखालून लाइन नेऊ नको. मुंजा राहते तिथं."

"आत्या, आपण बौद्ध आहोत. मुंजाबिंजा काही नसतो."

"आपण बौद्ध हावो. मुंजा थोडीच बौद्ध हाय?"

पुण्यात हे शिकवलंच नव्हतं.

मग रामाजी मिस्त्री आले, ज्यांनी ती लाइन टाकली होती. त्यांनी अंगणातल्या चेंबरचं झाकण सरकवलं, नाकाला उपरणं लावलं, आणि मला जे ऐकायचं नव्हतं नेमकं तेच बोलले. "आठवते का, बाई? मी म्हटलं होतं, झाडाले फेरा घालून नेऊ. त तू नकाशा दाखवला. नकाशात लाइन एकदम सरळ होती, अन् झाड चवन्नीएवढं." मग आवाज उतरवून म्हणाले, "जाऊ दे. एका सफाईवाल्याले ओळखतो मी. हात घालून काढून देते सारं."

झालं, मी पेटले. पिंपळाच्या पारावर चढले आणि दहा मिनिटं बोलले. कोणाच्याही हाताला ही घाण लागता कामा नये, आपण कोणत्या तोंडानं दुसऱ्याला बोलावतो, वगैरे. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. ऐकून झाल्यावर रामाजी चेंबरपासून दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "मंग?"

सगळा मोहल्ला आधी चेंबरकडं पाहत होता. मग माझ्या हाताकडं पाहायला लागला.

भ्याले नव्हते हो मी, फक्त बाही वर करायला जरा वेळ लागला. आईनं युरियाच्या पिशवीची पन्नी हाताला दोरीनं बांधली, बांधता बांधता म्हणाली, "पोरगी एवढी शिकली, बापा," आणि मी पोटावर पालथी पडून पाइपात हात घातला. कोपरापर्यंत... काही नाही. खांद्यापर्यंत... साप असेल का? खेकडा असेल का? साप असला तर पन्नीतून चावतो का?... आणि बोटांना लागलं. मऊ. थंड. केसासारखं. मी ओढलं. ते आलं. अजून ओढलं. अजून आलं. हातभर, दोन हात, काळंभोर, जाडजूड, पाणी गाळत, टोकाकडं निमुळतं...

"वेणी हाय वं माय," शकुआत्या किंचाळली, "बाईमाणसाची वेणी हाय!"

अंगण रिकामं. रामाजींची एक चप्पल तेवढी चेंबरपाशी उरली. मी पळाले नाही. मोठ्या धीराची म्हणून नव्हे, माझी बोटंच उघडत नव्हती.

तशीच पडले होते, तेवढ्यात बाबा आले. बाबा नगरपालिकेत पाण्याचा पंप चालवतात, पाइपात काय सापडतं ते त्यांना कळतं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, ती वेणी बादलीत धुतली, तळहातावर पसरली आणि बराच वेळ पाहिली. "मूळ हाय," म्हणाले. "आपल्या बोधीचं."

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. छप्पन साली दीक्षा घेऊन येताना बाबांनी ते पिंपळाचं रोपटं ओल्या फडक्यात गुंडाळून नागपुराहून आणलं होतं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठं आहे ते. दर पौर्णिमेला सगळा मोहल्ला त्याच्याखाली वंदनेला बसतो. आणि रामाजी दारातूनच, एका पायावर उभे राहून सांगत होते, "आता फेरा घालूनही जमत नाही. मुळाले पाण्याचा पत्ता लागला, ते मागं मागं येते. आज काढलं, तीन महिन्यांत पुन्हा हाय. झाड तोडा, नाई त संडास बुजवा."

बाबा जेवले नाहीत. पारावर बसून राहिले. मग मला जवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, "तुले काय वाटते, बेटा?"

तेव्हा मात्र मी भ्याले. साप नाही, मुंजा नाही, वेणी नाही... मी 'तोडा' म्हटलं असतं ना, तर ते मुकाट्यानं उठून कुऱ्हाड आणायला गेले असते. पोरगी शिकून आली आहे, तिला कळतं, म्हणून. आणि मला काय कळत होतं? एक सरळ रेघ.

"सकाळी सांगते, बाबा," म्हटलं.

सकाळी चहाही झाला नव्हता तर सहा घरच्या सहा बायका दारात. पुढं शकुआत्या. म्हणाली, "आम्ही रविवारची वाट नाई पाहत. आम्ही बी बांधून राहिलो संडास. अंधारात नदीवर जाणं बस झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

"फक्त दोन बाता हायेत. एक, बोधीच्या फांदीलेही हात लावायचा नाई."

"नाही लावणार, आत्या."

"दुसरं, त्याच्या मुळ्या आमच्याही लाइनीत येतीन. तवा बाहेरचा माणूस बोलवायचा नाई. तूच सांगितलं पारावरून. आम्ही ऐकलं." आणि सहाजणी माझ्या उजव्या हाताकडं पाहायला लागल्या.

काय करणार? आत गेले, ट्रंक उघडली, पुण्याचे पाचही कुडते काढले आणि उजव्या बाह्या खांद्यापासून उसवून टाकल्या. आई पाहत होती. म्हणाली, "डाव्या राहू दे. थंडीत कामी येतीन."