दोन घरांची एक कढई

माझं म्हायेर घोडेगावचं, बैलबाजाराच्या अंगाचं, आन सासर हे हितं, जामखेडच्या खाली, जितं पान्यापायी मानूस मानसाला वळखत न्हाई. नाव सुमन. आमी दोघी सख्ख्या बहिनी सख्ख्या जावा झालो, मी थोरल्याला दिलेली, मंग धाकटी मंगल माझ्या दिराला. आई म्हनली, एकीला एक आसल, दोघी एकमेकीला धरून ऱ्हातील. व्हय, ऱ्हायलो की. काय सांगू तुमाला ताई, लई ऱ्हायलो.

फुडं वाटन्या झाल्या. हे घर माझं, ते समोरचं मंगलचं, मधी आंगन. चुली येगळ्या झाल्या, म्हशी येगळ्या झाल्या, पर दिवाळीची कढई काय आमी येगळी केली न्हाई. दोन्ही घरचं पीठ एकात मळायचं, दोन्ही घरचं खोबरं एका परातीत किसायचं, आन आंगनात तीन दगडांची चूल मांडून बसायचं. मी लाटायची, मंगल सारन भरून मुरड घालायची. तिच्या हातची मुरड म्हंजी येनी घातल्यावानी, आईनं शिकवलेली, मला काय ती जमली न्हाई, माझी करंजी तेलात गेली की तोंड उघडायची. मंग मंगल हसायची, म्हनायची आक्का, तुझी करंजी तुझ्यावानीच हाय, पोटात काय ठिवत न्हाई. माझा योगेश सदा तिच्या मांडीपाशी, सारन खाऊन खाऊन तोंड पांढरं. नुसत्या करंज्या करू न्हाईत म्हनत्यात, एक तरी मोदक करायचा, तर तो मोदक ती योगेशलाच द्यायची. तिला एक पोरगीच, पोरगा न्हाई, तवा माझ्या पोरावर जीव.

तर आमचं आसं. बाप्यांचं मातर न्हाई. हीर सामाईक, मोटर सामाईक, आन लाईट कदी येनार कदी जानार त्याचा मेळ न्हाई. आमच्या मालकाचा कांदा वाळत हुता, दिराची ज्वारी वाळत हुती. एक म्हनायचा माझी पाळी, दुसरा म्हनायचा तुझी काल झाली. ह्ये वर्सानुवर्सं चाललेलं, आमी बाया काय मनावर घेत नव्हतो. भाऊ-भाऊ हायेत, भांडतील आन बिडी एका काडीवर पेटवतील.

त्या दिवाळीला आमी आशाच बसलो हुतो, दुपारची येळ, पहिला घाना नुकता काढलेला. आन बघती तर दीर येतोय, पाठीवर आमच्या मालकाला घिऊन. दोघं बी रगतानं माखलेले, कुनाचं कुनाला लागलंय कळंना. ओरडतोय, वैनी, दादाला लागलं. म्हनलं आवो कशानं लागलं, कुनी मारलं. तर म्हनतो, मी मारलं वैनी, मी मारलं. खोऱ्याचा दांडा. एकच बसला, कानामागं. त्यानंच टेम्पो आनला, त्यानंच मांडीवर डोकं घिऊन नगरला न्यायला निघाला, आन नगर यायच्या आदीच आमचे मालक गेले. त्याच्याच मांडीवर गेले. आमी सगळ्या टेम्पोमागं पळालो, हिकडं कढईतलं तेल पेटलं ते कुनी बघितलं न्हाई, शेजाऱ्यांनी माती टाकून इझवलं.

पोलिसानं दिराला नेलं, फुडं सजा झाली. भावकी मला म्हनली, मंगलशी बोलायचं न्हाई. मला कुनी सांगायची गरज नव्हती. दार उघडलं की समोर तिचंच दार. ज्या घरात मयत झालं त्या घरात वर्सभर तळन करत न्हाईत, लोक फराळ आनून देत्यात, तसा माझ्याकडं आला. तिच्याकडं कोन नेनार? मयत तर तिच्या बी घरातलंच, पर खुन्याची बायकू ना ती. माझ्याकडं आलेला फराळ बी मी म्हशीच्या फुडं टाकला. आई तिकडं घोडेगावात एकीला वसुबारसंला बोलवायची, दुसरीला पाडवा झाल्यावर, आन दोघींना बी वाटं लावून रडत बसायची. आशीच झुरून झुरून गेली ती.

मंग कैक वर्सांनी दीर सुटला. दिवाळीच्या तोंडावरच घरी आला. वाळलेला, केस पिकलेले, वळखू येईना. तवर माझा योगेश बाप्या झालता, टेम्पो चालवायचा. भावकीतल्या कुनीतरी त्याचे कान भरले, बापाला मारनारा समोर वट्यावर बसतोय आन तू त्याच्या तोंडाकडं बघत जेवतोस. येक दिस बघती तर पोरगं कोयता घासाया बसलेलं. म्हनलं योग्या, आपल्यात ऊस न्हाई काय न्हाई, कोयत्याला धार कशाला? तर म्हनला, आई, तू मधी पडू नको.

ताई, मी तशीच उठले. आंगन वलांडून मंगलच्या दारात गेले, इतक्या वर्सांत पहिल्यांदा. ती एकलीच पीठ घिऊन बसली हुती, दीर आत बाजंवर पडलेला. मी तिचं पोळपाट वढलं आन उंबऱ्यातच बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, लाट्या फुडं सारल्या. मी लाटाया लागले.

योगेश आला कोयता घिऊन. म्हनला आई, ऊठ. म्हनलं उठत न्हाई, आत जायचं तर माझ्यावरनं जा. आतून दीर म्हनतो, वैनी, येऊ द्या त्याला, मी तयार हाय. म्हनलं गप बसा तुमी, मी तुमच्यासाठी न्हाई बसले. योगेशचं तोंड लालबुंद, म्हनला तू माझ्या बापाला इसरलीस. म्हनलं बाळा, तुझा बाप सरनावर बघितला, आता तुला बेड्यात बघायची ताकद माझ्यात न्हाई. तो दारातच हुबा. मी मान वर केली न्हाई, एकामागनं एक पुरी लाटत ऱ्हायले. मंग कोयता खाली पडल्याचा आवाज आला, आन टेम्पो सुरू झाल्याचा.

मी उठले तर मंगल करंज्यांचा डबा भरून फुडं करती, म्हनती आक्का. म्हनलं नको. आन घरी आले.

लोक म्हनत्यात, मिटलं दोघींचं. न्हाई हो. माफ केलं का म्हनून तुमी इचारता, तर न्हाई केलं. दीर काय बोलत न्हाई कुनाशी, हिरीकडं तर फिरकत बी न्हाई. मंगल कदी म्हनती, आक्का, दूध उतू चाललंय, कदी मी सांगती, तुझं कापड पावसात भिजतंय, एवढंच. तवापासनं कढई तिच्या बी घरात चढत न्हाई आन माझ्या बी.

योगेश त्या दिशी गेला तो परतला न्हाई, तिकडं चाकनला कंपनीत हाय म्हनत्यात. लगीन केलं म्हनून दुसऱ्याकडनं कळलं. माझा फोन उचलत न्हाई. मी रोज लावती. तिकडं वाजतो, वाजत ऱ्हातो. वाजतोय म्हंजी पोरगं हाय, तुरुंगात न्हाई, मातीत न्हाई. माझ्यावर रागावून का हुईना, औक्ष लाभू दे त्याला. देवा, वाजत ऱ्हाऊ दे.