हॅस्कलसाठी एक मिनिट

रेडिओवर रोज राजकारणावर तावातावाने बोलणारा ड्वेन हॅस्कल गेल्याची बातमी सकाळीच आली होती. दुपारी बाराला, एरवी तो कडाडायला सुरुवात करायचा त्याच वेळी, अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या एका छोट्या हॉटेलच्या मालकाने त्याच्यासाठी एक मिनिट शांतता पाळायला सांगितली. गिऱ्हाइकांनी टोप्या काढल्या. कॉफी वाढणारी डार्लीन किटली धरून जागच्या जागी थांबली. तिच्या पुढ्यातल्या टेबलावरची म्हातारी मात्र भावाशी बोलतच राहिली.

"एमेट, लोणी सरकव इकडे."

"शू! व्हर्ना, एक मिनिट तरी गप्प बस."

"नाही बसणार. तीस वर्षं तो बोलला आणि मी गप्प बसले. तुझ्या गाडीत, तुझ्या स्वयंपाकघरात, नाताळच्या जेवणातसुद्धा! आता तो गप्प झालाय, तर मी बोलणार."

"कारखाना बंद पडला तेव्हा आपल्या गावाचं नाव घेणारा तो एकटाच होता. बाकीच्यांना आपण मेलो काय नि जगलो काय!"

"घेतलं नाव. खोटं कशाला बोलू? आणि पुढच्याच महिन्यात संपावरच्या शिक्षकांना ऐतखाऊ म्हणाला. त्यात माझी लेक होती. त्याचं ऐकून तू तिच्या लग्नालाही आला नाहीस, एमेट."

"लोक बघतायत गं."

"बघू देत. डार्लीन, ओत बाई कॉफी. थांबलीस कशाला?"

डार्लीनने मालकाकडे न बघता कॉफी ओतली. अख्ख्या हॉटेलात तेवढाच आवाज झाला.

"मोठी आलीस! मग सकाळी बातमी ऐकून माझ्या गाडीत ढसाढसा कोण रडत होतं?"

"मीच. रडले म्हणजे माफ केलं होय?"