पडणाऱ्याचं वजन

उन्नती : पाण्याच्या टाकीवरून खाली गच्चीवरच्या गादीवर टाकायचा आहे फक्त. फुटत नाही रे.

प्रज्वल : मंग तुह्या मोबाइल टाक ना. माह्याच काहून?

उन्नती : माझ्यात ते प्रवेग मोजायचं अ‍ॅप चालत नाही. उद्या कॉलेजात फिजिक्सचं डेमो लेक्चर आहे. ते जमलं तरच नोकरी. एकदा करून तर पाहू दे.

प्रज्वल : तिथल्या पोरांले दाखव. मी तं शाळा सोडेल पोट्टा.

उन्नती : म्हणूनच. तुला समजलं तर सगळ्यांना समजेल.

प्रज्वल : पाह्य! पाच वर्षं पुण्यात राहिली तं 'तुला', 'सगळ्यांना'. अन् वरून भावालेच ढ म्हणते.

उन्नती : तसं नाही म्हटलं. बस ना जरा एका जागी.

प्रज्वल : बसत नाही. ऊन पाह्य किती आहे. दोन वाजता हिंगण्याच्या कंपनीची बस चौकात येते. तू खाली जाय अन् बाबाले सांग, प्रज्वल कंपनीत जाऊन नाही राहिला.

उन्नती : तू सांग.

प्रज्वल : मी? होळीले शाळा सोडली, तवापासून त्याइनं माह्याशी एक शब्द नाही काढला. ह्या कंपनीचं बी आईच्या हातून सांगितलं. "सुपरवायझरच्या हातापाया पडून जागा मिळवली म्हणा त्याले." म्हणा त्याले! मी काय शेजारच्या घरात राहतो?

उन्नती : अन् नाही गेलास तर काय करशील?

प्रज्वल : तेच तं माहीत नाही ना वं! दिवसभर एका मशीनसमोर उभं राहणं आपल्याच्यानं होत नाही, एवढंच माहीत आहे. तू सांगते का नाही?

उन्नती : आधी मोबाइल टाक. मग सांगते.

प्रज्वल : पक्कं?

उन्नती : पक्कं. चढ टाकीवर.

प्रज्वल : घे. टाकला. फुटला असन तं नवीन घेऊन देजो.

उन्नती : काही नाही झालं त्याला. आता ही रेघ बघ. टाकीवर ठेवला होतास तेव्हा नऊ पॉइंट आठ. हे उंच टोक म्हणजे गादीवर आपटला. अन् मधात?

प्रज्वल : शून्य? बिघडलं तुह्यं अ‍ॅप. मधात तं खाली पडूनच राहिला होता.

उन्नती : म्हणूनच शून्य. पडणाऱ्याला आपल्या जागी वजन जाणवतच नाही.

प्रज्वल : ए, टोमणे नको मारू हं मले! ह्या घरात सारे तेच करून राहिले.

उन्नती : तुझ्याबद्दल नाही रे बाबा! ऐक तर. गुरुत्वाकर्षणात ऊर्जा असते, संवेग असतो. पण नेमकं कुठे, किती? कोणत्याही एका जागेवर बोट ठेव. तिथे आपण सोबत पडत गेलो की आकडा शून्य. मग इथे एवढी ऊर्जा, तिथे तेवढी, असं लिहायचं कसं?

प्रज्वल : मंग नाहीच आहे म्हण. खतम.

उन्नती : नाही कसं म्हणू? दोन तारे एकमेकांभोवती फिरता फिरता जवळ येत जातात. त्यांची ऊर्जा गुरुत्वीय लहरींतून दूर जाते, ती मोजली आहे लोकांनी. लांबून सगळ्याला वेढून हिशोब केला तर बरोबर आकडा निघतो. एकेका जागेचा वाटा तेवढा काढता येत नाही.

प्रज्वल : म्हणजे आपलं घर.

उन्नती : काय?

प्रज्वल : आईले विचार, "काही नाही." बाबाले विचार, "काही नाही." मले विचार, मी बी तेच म्हणतो. अन् शेजारची कुसुमताई परवा विरजण मागाले आली, तं गेटातूनच वापस. आत पाय बी नाही टाकला. तिले बाहेरूनच समजलं ना! सारे खोटं बोलून राहिले आत.

उन्नती : इथे चुकलास. मोबाइल खोटं नाही बोलला.

प्रज्वल : मंग?

उन्नती : त्याच्या जागी खरंच शून्य होतं. तेच तर अवघड आहे ना. खोटं कोणीच बोलत नाही.

प्रज्वल : म्हणजे बाबा "काही नाही" म्हणते, तं...

उन्नती : मी मोबाइलचं बोलते आहे.

प्रज्वल : मी बाबाचं बोलून राहिलो! त्याइच्या मनात खरंच काही नाही का माह्याबद्दल?

उन्नती : मले काय माहीत गा. मी थोडी उभी आहे त्याइच्या जागेवर.

प्रज्वल : आण तो मोबाइल. परत टाकतो. मले नाही पटत.

उन्नती : अरे, रागात नको चढू! गादीवर टाक, गादीवर...

प्रज्वल : हात् तेच्या मायला!

उन्नती : गेला ना! सरळ स्लॅबवर!

बाबा : (खालून) काय पडलं वर?

उन्नती : बाबा...

प्रज्वल : चूप राह्य.

बाबा : पोट्टं पडलं का टाकीवरून? प्रज्वल! लागलं का गा तुले?

उन्नती : तुलेच विचारून राहिले.

प्रज्वल : ऐकलं मी.

बाबा : अरे, बोल ना!

प्रज्वल : काही ना... मोबाइल पडला बाबा! मी नाही पडलो!

उन्नती : हॉर्न वाजला. बस आली वाटते चौकात. जाऊ खाली? सांगते म्हटलं होतं मी.

प्रज्वल : नको. तू थांब इथीच. मी सांगतो.