जेवायचा हात

जनात : आधी हयातचा हात घाल त्या यंत्रात. माझी मुलगी धडधाकट उरली, तर मग माझा.

इन्साफ : खाला, हे नुसतं मुठीचा जोर मोजतं. डायलिसिसवरच्या साठीपुढच्या सगळ्यांचा मोजतोय आम्ही, आरोग्य केंद्रातून.

हयात : आण इकडे. (दाबते.) अठ्ठावीस किलो. बघ, आहे हात जागेवर.

जनात : तुलाच भारी घाई. हिला बोलावलं कोणी?

हयात : यादीत नाव होतं तुझं, आई.

जनात : यादी! परवा म्हणालीस, माग मोडू, गालिचे पुरे, ट्युनिसला माझ्याकडे चल. आणि आज जोर मोजणारी दारात.

इन्साफ : उजवा हात द्या. कोपर अंगाशी. दाबा... अजून... अकरा.

हयात : अकरा! या हातानं विणणार ती?

जनात : यंत्रही तुझ्याच बाजूचं.

इन्साफ : आता प्रश्न. गेल्या महिन्यात तब्येत कशी होती? उत्तम, बरी, की वाईट?

जनात : अल्हम्दुलिल्लाह.

इन्साफ : त्याला माझ्याकडे रकाना नाही, खाला.

जनात : मग कागद चुकलाय तुझा.

इन्साफ : एक विचारू? घट्टे तुमच्या डाव्या बोटांना आहेत. उजव्याला एकही नाही.

जनात : चहा घे. निवतोय.

इन्साफ : आणि डायलिसिससाठी शीर जोडलीय तीही डाव्याच हातात. कामाचा हात सोडून दुसऱ्यात जोडतात ती.

हयात : उजवाच तिच्या कामाचा. जेवते उजव्यानं.

इन्साफ : आणि मागावर?

हयात : मागावर... मागावर डावा. ओळी घट्ट बसवायची ती जड फणी डाव्यानं ठोकायची. आई, डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?

जनात : त्यांनी विचारलं, कुठल्या हातानं जेवता? आजूबाजूला दहा माणसं. डाव्यानं म्हणू? मला काय वळण नाही? आणि खोटं काय बोलले? उजव्यानंच जेवते मी.

इन्साफ : मग शीर जोडल्यापासून वर्षभर फणी कशी मारताय?

जनात : डाव्यानं जड काही उचलायचं नाही म्हणाले. गाठी डाव्यानं, फणी उजव्यानं. निसटते कधीकधी.

हयात : म्हणून ओळी सैल पडतायत. मला वाटलं, तुझ्यानं आता होत नाही.

जनात : तुला काय वाटतंय ते मला कळत होतं.

इन्साफ : डावा हात डॉक्टरांना विचारून मोजू, आज नको. मी टीप लिहिलीय.

जनात : वाच बघू.

इन्साफ : ‘कामाचा हात डावा. एकट्या उजव्याच्या आकड्यावरून काही ठरवू नये.’

जनात : पुन्हा वाच. हयात, ऐक.

हयात : ऐकलं. रविवारपर्यंत आहे मी. गाठी तू मार, फणी मी ठोकते.

जनात : आणि रविवारी माग मोडशील.

हयात : नाही मोडत.

जनात : हं. बस मग इथे, शेजारी. तुझे हात मला दिसले पाहिजेत.