मागच्या सीटवरच्या चादरी

– नाही हो पाहुणे, ते दार कुरकुरतंच. तेल घालून घालून थकले – म्हणजे माझे यजमान थकले, मी कशाला घालू तेल? या, बघा, पण एवढ्या लांबून आलात ते फुकटच म्हणायचं. मुलानं सांगितलं ना तुम्हाला, वडील गेल्यापासून शेडमध्ये उभी आहे म्हणून? उभीच आहे. जुनी गाडी म्हणजे म्हातारं माणूस – चालतंय म्हणावं तर बसतं, बसलं म्हणावं तर खोकतं. हिचा रेडिएटर गळतो. वायपर एकच, तोही तिच्या मनात आलं तर. चोक ओढून धरावा लागतो, असा, दोन बोटांनी, आणि पाय नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, दाबला की पेट्रोल तुंबलंच, मग बसा वास घेत – काय? मला कसं माहीत? अहो, जन्मभर शेजारी बसले की! शेजारी बसणाऱ्याला चालवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं.

ते? ते लाकडी ठोकळे आहेत, पेडलना बांधलेले. यजमान जरा बुटके होते, पाय पोचायचे नाहीत. – बाहेरच्या खोलीतला फोटो पाहिलात होय? फोटोत माणूस ताठ उभा राहतो, उंच दिसतो. – दाराच्या चौकटीला डोकं टेकलंय? चौकट बुटकी होती हो.

मागचं दार नका उघडू! अडकतं ते. काचेतूनच बघा. त्या नुसत्या जुन्या चादरी आहेत, ढीग घालून ठेवलाय. हो, खाली फिरती खुर्ची आहे, ऑफिसातली, चाकं काढलेली. दाढीवाल्या मिस्त्रीचं काम. अर्धी सीट कापली, खाली जाड पत्रा मारला, नटांनी आवळली – गर्रकन फिरते, पाय बाहेर काढले की झालं, गुडघा वाकवायला नको. काय सुरेख बसवलीय! वर धरायला दांडीही लावली, न्हाणीघरात असते ना, तसली. आधी कुरकुरला तो. म्हणे, आजी, असल्या गाडीला भोकं पाडायची म्हणजे पाप, बघायला येणारे मला शिव्या देतील. म्हटलं, बघणाऱ्यांनी बघून जावं, बसणाऱ्यांनी बसावं. तू ड्रिल लाव. – कधी? कधी म्हणजे… यजमान होते तेव्हाच. नवी दिसते? पुसते मी. उद्योग काय दुसरा मला?

अहो, बॉनेटला हात – भाजला ना? ऊन हो, ऊन. – शेडमध्ये ऊन येत नाही, खरंय. वरचा पत्रा तापतो. – आज सकाळपासून आभाळ आहे, तेही खरंय. तुम्ही फार बारकाईनं बघता बुवा.

ते काही नाही, मांजर असेल. चादरीत पिल्लं घातलीत तिनं. – ऐकलं, मीही ऐकलं. मांजर ‘अगं आई गं, माझा गुडघा’ म्हणत नाही, बरोबर आहे तुमचं.

काढा हो विहीणबाई, तोंड बाहेर काढा. गुदमरून गेलात तर गाडी विकण्याआधी पोलीस यायचे. – पाहुणे, या माझ्या सुनेच्या आई. आता बघितलंच आहे तर नमस्कार करून घ्या. त्यांना घरी सोडायला निघाले होते, तर वाटेतच मुलाचा फोन, गाडी बघायला माणूस पोचतोय. गेले तशीच वळले. यांना उतरवायला वेळ कुठला? चादरी टाकल्या.

पडल्या हो या. हाड जुळलं, पण मुला-सुनेनं यांना आपल्या घरी नेऊन ठेवलं ते खिडकीपाशीच. ठेवलं म्हणते मी, बसवलं नाही. कुंडीला पाणी घालावं तसा चहा द्यायचे. आणि ही बाई – पडदा उजवीकडे सारायचा की डावीकडे, यावरून माझ्याशी दुपारभर भांडलेली! – एकदा भेटायला गेले तर मला म्हणाली, ‘तुमचं बरोबर आहे.’ माझं बरोबर! घाबरलेच मी. तिथून सरळ मिस्त्रीकडे गेले.

आता व्यायामाला नेते दवाखान्यात. सुनेला वाटतं, दवाखान्याची गाडी येते न्यायला. खोटं कुठंय? दवाखान्यात जाते ती दवाखान्याची गाडी. येताना पुलावर थांबतो, काचा खाली करतो आणि मनसोक्त भांडतो. आज गिअरवरून झालं. जन्मात स्टिअरिंग धरलं नाही ती मला गिअर शिकवते! – लायसन आहे हो माझं. त्याच्यासाठी तर सही करायला शिकले, एवढीच अक्षरं येतात मला. मुलानं किल्ली काढून घेतली, म्हणे हे वय आहे का. तीच तुमच्या हातात आहे. दुसरी पिठाच्या डब्यात होती.

फोन वाजतोय तुमचा. त्याचाच! उचला. पाया पडते म्हणणार नाही, तुमच्यापेक्षा मोठी आहे मी, पण एवढंच सांगा – इंजिन बसलंय, गाडी चालत नाही. ही गेली तर विहीणबाई परत खिडकीपाशी, कळतंय ना? – हां. – वा, छान सांगितलंत, सवय दिसते. – काय म्हणतोय तो? चालत नसेल तर काय? भंगारवाला? उद्याच?

आणा इकडे तो फोन. – अरे, मी बोलतेय. गाडी चालते. – कशावरून म्हणजे? मी चालवते म्हणून. – ओरडू नकोस, तुझ्या सासूबाई मागे बसल्यात, त्यांना ऐकू जातंय. – हो, त्याच. तुला किती आहेत? – किल्ली नेलीस तेव्हा विचारलंस मला? मग मी तरी कशाला विचारू? भंगारवाल्याला बोलाव खुशाल, आम्ही दोघी आत बसलेल्या असू, वजन जास्त भरेल. – बायकोला काय सांगू? सांग, तिची आई भांडायला लागलीय परत. कळेल तिला. ठेव आता.

घ्या तुमचा फोन. विहीणबाई, दांडी धरा. – काय? आधी चोक? गप्प बसा हो तुम्ही! – पाहुणे, सरका बाजूला, गाडी मागे घ्यायचीय.