सरांचा उभं राहण्याचा नियम

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

अशा वेळी शब्द सुचत नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. अमृतकर सरांच्या विद्यार्थिनीला ती सोय नाही. शब्द सुचला नाही की सर उभं करायचे. आणि खरं सांगू का, मला आज बोलणं अवघड जात नाहीये. इतकी वर्षं गप्प बसणं अवघड गेलं.

मी अलका. मखमलाबादची, गुलाबवाल्यांच्या घरातली. वडील सकाळी फुलबाजारात जाताना मला सायकलवरून पंचवटीत सरांच्या क्लासला सोडायचे. आज मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, इंग्रजीच शिकवते. म्हणून अमोलने, सरांच्या मुलाने, मला बोलायला सांगितलं आणि हा कागद हातात दिला. शेवटी यातली एक घोषणा वाचायची आहे. वाचते का, ते बघू.

बाहेरचा फ्लेक्स पाहिलात? सरांचा मोठा फोटो, खाली इंग्रजीत शोकसंदेश. 'कंडोलन्स'मध्ये सी हवा तिथे एस पडलाय. मंडळी, ज्या माणसाने अख्ख्या नाशिकला स्पेलिंग शिकवलं, त्याच्या मरणाच्या बोर्डावर चूक! सर जिथे असतील तिथे लाल पेन मागत असतील. मला तर गंमत वाटली. वाटली तर वाटली.

सरांचं इंग्रजी उत्तम होतं. हे मान्य करायलाच हवं, कारण दुसरं काही मान्य करण्यासारखं मला सापडत नाही. 'नाइफ'च्या आधी के कशाला, 'रिसीट'च्या पोटात पी कुठून आला, 'कर्नल'मध्ये आर नसताना तो ऐकू कसा येतो, हे सर इतकं रंगवून सांगायचे की आम्ही तोंडाचा आ करून ऐकायचो. हायफनवर तर त्यांचा भारी जीव. सर शिकवायचे त्या शाळेतल्या क्लार्कने एकदा अर्ज केला, करारावर पुन्हा सही करायला मी तयार आहे म्हणून. बिचाऱ्याने 'री-साइन'मधली आडवी रेघ टाकली नाही, आणि त्या शब्दाचा 'रिझाइन', म्हणजे राजीनामा झाला. सरांना कळलं नाही का? सगळं कळलं. तरी त्यांनी स्टाफरूममध्ये तो अर्ज मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "अभिनंदन, राजीनामा मंजूर." तो माणूस दिवसभर आपलं टेबल आवरत होता. संध्याकाळी सरांनी त्याला सांगितलं, गंमत केली.

अशा त्यांच्या गमती. माझ्या लग्नाला सरांना बोलावलं, सर आले नाहीत. पत्रिका मात्र परत आली, 'कॉम्प्लिमेंट्स'मधल्या चुकीच्या ई ला लाल गोल करून. इथे बसलेल्या कितीजणांकडे अशी परत आलेली पत्रिका आहे? हसू नका. मला माहितीय, तुम्ही ती जपून ठेवली आहे.

'सँक्शन' हा त्यांचा लाडका शब्द. म्हणायचे, "याचे दोन अर्थ. परवानगी आणि शिक्षा. मला दोन्ही द्यायला आवडतं."

आता नियमाकडे येते. क्लासमधल्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. ज्याचं स्पेलिंग चुकलं, तो उभा. किती वेळ? दुसऱ्या कोणाचं चुकेपर्यंत. दुसऱ्याचं चुकलं की पहिला बसला, दुसरा उभा. बास. छडी नाही, शिव्या नाहीत. पालक म्हणायचे, काय शिस्त आहे! शिस्त कसली? उभा राहिलेला पोरगा मनातल्या मनात देवाला एकच मागायचा, शेजारच्याचं चुकू दे. आम्ही इंग्रजी शिकलो की नाही ते जाऊ द्या. हे मागायला मात्र पक्कं शिकलो. डॉक्टर, तुम्ही आमच्याच बॅचचे, मान हलवताय. तुमचा चेहरा मला आठवतो, माझं चुकल्यावर काय खुलायचा!

आणि मग काकू यायच्या.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, समोर बसल्या आहेत. काकू, मला थांबवू नका. मी थांबणार नाही.

काकू देवळ्याच्या. मराठी शाळेत सातवी झालेल्या. माहेरून अहिराणी बोली घेऊन आल्या होत्या, ती सरांनी पहिल्याच वर्षी बंद केली. स्वतः सर सटाण्याचे, घरी आईशी अहिराणीच बोलत वाढलेले, पण हे कोणाला कळलेलं त्यांना खपत नसे. क्लास घरातच भरायचा, पुढच्या खोलीत. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या की सर विचारायचे, "हं, हॅन्डकर्चिफ?" त्या शब्दातला डी बोलत नाही. काकूंनाही तो सापडायचा नाही. मग काकू उभ्या. दारात, हातात ट्रे घेऊन, आमच्यातल्या कोणाचं तरी चुकेपर्यंत. चहावर साय धरायची.

सर म्हणायचे, "नियम सगळ्यांना सारखा. घरच्यांनासुद्धा." आणि लोक म्हणायचे, काय तत्त्वाचा माणूस! सर आमच्याकडे बघून आणखी म्हणायचे, "ही माझी सायलेंट लेटर. बोलत नाही, पण काढता येत नाही." आम्ही हसायचो. सगळेच. अमोल, तू पण पहिल्या रांगेत बसून हसायचास. लहान होतास, सोडून देऊ.

हसायची नाही ती एकच. यमुना. पेठकडची, आदिवासी वसतिगृहात राहायची. क्लासमध्ये तिच्यासारखं स्पेलिंग कोणाचंच नव्हतं. तिचं चुकायचंच नाही. पण काकू दारात उभ्या राहिल्या की यमुनाचा हात वर. सर शब्द द्यायचे आणि ती चुकायची. एकदा सरांनी चिडून विचारलं, "कॅट?" ही शांतपणे म्हणाली, "के, ए, टी." क्लास गार! काकू बसल्या, म्हणजे आत गेल्या. यमुना उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नियम सरांचाच होता, बोलणार काय?

सरांना कळलं. त्यांना सगळं कळायचं. ते यमुनाला म्हणाले, "तुम्हा जंगलातल्यांना कितीही शिकवा, मांजर के नेच सुरू होणार." आणि तिला क्लासमधून काढलं. तिने दप्तर उचललं. दारात काकू होत्या. काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाय दुखतस का वं तुना?" सरांच्या घरात मी ऐकलेली ती पहिली अहिराणी. तुमच्यापैकी कोणाला आठवतंय? नसेल आठवत. आपण त्या वेळी पुढच्या शब्दाची तयारी करत होतो.

यमुना आज सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिकवते. मी तिला फोन केला, म्हटलं सर गेले, ये. ती म्हणाली, "अलके, तिथं दोन मिनिट उभं राहावं लागंल ना? त्या मानसासाठी मी आता उभी राहनार नाय." आणि वर विचारलं, "काकू कशा हायेत?" सरांबद्दल काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी सरांना झटका आला आणि वाचा गेली. सावकाश थोडी परत आली, पण इंग्रजी नाही आली, मराठीही नाही. मी भेटायला गेले होते. थेरपिस्ट बाई चित्रांची कार्डं दाखवत होती. मांजर. सर बघत राहिले. कप. सर बघत राहिले. तिच्या जागी मी असते तर त्यांना उभं केलं असतं. पण तेव्हा ते उभेच राहू शकत नव्हते. हे ऐकायला वाईट वाटतंय? वाटू द्या. मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मग सर म्हणाले, "माले पानी दे." स्वच्छ अहिराणीत. शेवटपर्यंत तेवढीच भाषा त्यांच्याजवळ राहिली, आणि ती कळणारं घरात एकच माणूस होतं. काकूंनी पाणी पाजलं. हसल्या नाहीत, टोमणा मारला नाही. मी म्हटलं, काकू, खुर्ची आहे की बाजूला, बसा ना. काकू म्हणाल्या, "सवय नाही गं राहिली." आणि पलंगाशी उभ्याच राहिल्या.

आता हा कागद. यात लिहिलंय, सरांच्या स्मरणार्थ दरवर्षी शालेय मुलांची स्पेलिंग स्पर्धा होणार. सरांच्या गाजलेल्या नियमाप्रमाणे. चुकणारा मंचावर उभा, दुसऱ्याचं चुकेपर्यंत. आणि बक्षिसं काकूंच्या हस्ते.

अमोल, काकूंना विचारलंस का? नाही ना? मग मीही वाचत नाही. हा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवतेय. माझ्या शाळेचं एकही मूल त्या मंचावर येणार नाही. बाकीच्या मुख्याध्यापकांनी आपापलं ठरवावं. इथे तिघं-चौघं दिसताहेत, खाली बघू नका. वडिलांच्या नावाने काही करायचंच असेल, तर अमोल, आईजवळ बस. रोज. तिच्या भाषेत बोल. तुला ती येत नाही, चुकशील. ती तुला उभं करणार नाही.

संपवते. दोन मिनिटं शांत राहायचंय. उठा सगळे. डॉक्टर, उठा. अमोल, तूही.

काकू, तुम्ही नाही. खुर्चीचा हात सोडा, उठू नका. नियम तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्याचं चुकलं की आधीचा बसतो. आमचं चुकलंय काकू, या अख्ख्या हॉलचं. तुम्ही बसा.